एका ताईंची एक म्हैस

माझ्या बायकोनं, शालननं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडणं. निम्म्या झाल्या नाहीत तोवर समोरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मॅडम आल्या आणि मला माझ्याच घरातनं बाहेर काढलं. "काका, जरा लांब बसा. ऐकू येईल इतकं जवळ नको." मी चहा करून दिला नि देवळाच्या पारावर जाऊन बसलो. पुढच्या पंधरवड्यात शालन गेली.

मॅडमचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर भांडायला येतील. कॉलेजात शिकवतात. फौजी लोकांच्या बायका मागं घरी कशा राहिल्या, ते त्या बायकांनाच विचारून, रेकॉर्ड करून लिहितात, आणि लिहिताना सगळ्यांची नावं बदलतात. ती खोड आता अंगात भिनलीय. गल्लीत म्हैस एकच, माझ्या थोरल्या वैनीची. ती सुटून मॅडमच्या कोथिंबिरीत शिरली तरी ह्या ओरडतात, "एका ताईंची एक म्हैस सुटलीय!"

वैनी म्हणाली, "आवं बाई, म्हशीची तरी कशाला झाकपाक?"

हसलो लय. पण शालनचं दिवसकार्य उरकल्यावर मी मॅडमच्या दारात उभा राहिलो. मी सरहद्दीवर असताना तिनं काय काय सोसलं, माझ्याविषयी काय म्हणाली, ते मला पाहिजे होतं. निदान आवाज तरी, कानातल्या मशीनमधनं का होईना.

"मॅडम, शालनचं रेकॉर्डिंग लावा."

"माझ्याशी कोण बोललं, कोण नाही, ते मी सांगत नाही."

"आवं, च्या मी केलावता की! दोन कप प्यालाय तुमी!"

"चहा छान होता, काका. बाकी मी सांगणार नाही."

माझं डोकंच फिरलं. "बायको माझी. मधी तुमी कोण?" म्हणालो आणि गल्लीभर सांगत सुटलो, हिच्याशी कुणी बोलू नका. दारं बंद झाली. घरमालकाला म्हणालो, खोली रिकामी करून घे.

संध्याकाळी मॅडम आपणहून आल्या. "खोली सोडते, काका. पण कुणाचाच आवाज देणार नाही."

"मेलेल्या माणसाला कसली आलीय लाज?"

"गेलेलं माणूस 'नको' म्हणायला परत येत नाही. म्हणून मला म्हणावं लागतं."

राग होताच, पण दारात आलेलं माणूस. म्हणालो, "जेवलाय का?"

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. भाकरी वाढली तशी खाली बघून खायला लागल्या. मग म्हणाल्या, "कुणाकडं जेवत नाही मी. गप्पांत काही निसटेल म्हणून लग्नालासुद्धा जात नाही. आई फोनवर विचारते, आज काय केलंस? मी म्हणते, ऊन फार होतं." आणि ठेचा तिखट आहे म्हणत डोळे पुसले. ताटात ठेचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैनीकडं गेलो. थोरला भाऊ फौजेत गेला तो परत आलाच नाही. त्यावर वैनी कधी अक्षर बोललेली नाही. तिला हाताला धरून मॅडमच्या दारात आणलं. "वैनी, हिच्यापाशी बोल. हिच्या पोटात ऱ्हातंय."

वैनी घाबरली. "भावजी, लांब जाऊ नगासा. हितंच बसा."

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं, आणि दाराकडं पाठ करून पायरीवर बसलो.