हिरव्या मेंढीची हळद

"मुलाला लोकर कातता येते का?"

हा प्रश्न मानवजातीच्या इतिहासात आजवर कोणी विचारलेला नाही. याचा अर्थ उत्तर सगळ्यांना माहीत आहे, असा होतो. पण माझी वर्गमैत्रीण रत्नम्मा हिचं म्हणणं असं की, जो प्रश्न कोणी विचारला नाही तो एकदा तरी विचारून बघावा, छप्पर काही कोसळत नाही. (रत्नम्माच्या घरावर पत्रा आहे, तिला बोलायला काय जातंय. आमचं माळवद आहे, मातीचं.) मधल्या सुट्टीत सगळ्या मुलींच्या देखत तिनं पैज लावली. मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी हा प्रश्न तोंडावर विचारला, तर तिच्या भावाची सायकल आठवडाभर माझी. मी ताबडतोब हो म्हटलं. मला सायकल चालवता येत नाही, हे नंतर आठवलं.

पाहुणे केम गावचे होते. मी दहावीत आहे, परीक्षा मार्चमध्ये आहे, आणि पाहुण्यांना लग्न माघात हवं होतं.

"परीक्षेचं काय, दरवर्षी असती की," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं खरंच आहे. परीक्षा दरवर्षी असते, लग्न दरवर्षी नसतं, सबब लग्नाला प्राधान्य देण्यात आलं.

मुलगी कशी पारखावी, याचं आमच्या भागात मोठं शास्त्र तयार झालेलं आहे. चालायला लावून पाय पारखतात, वाचायला लावून डोळे पारखतात आणि बाकीचं सगळं लोकरकामावरून पारखतात. जिला लोकर कातता येते तिला धीर असतो. जिला लोकर रंगवता येते तिला मिठाचं प्रमाण कळतं. जिला लोकर विणता येते ती तेवढा वेळ गप्प बसते. तेव्हा जिच्या हातची लोकरीची वस्तू टेबलावर मांडलेली आहे ती मुलगी संसाराला योग्य, हे सिद्ध झालं. मी हा तर्क भूमितीच्या प्रमेयासारखा उलटसुलट तपासला. एकही चूक सापडली नाही.

सोलापुरात लोकरीचा उपयोग काय, असं परगावची माणसं विचारतात. आमच्याकडे आठ महिने उन्हाळा असतो आणि उरलेले चार महिने उन्हाळ्याची तयारी. थंडी पडत नाही असं नाही, पण ती पहाटे पडते आणि तेव्हा सगळं शहर चादरीत असतं. चादर सुती. म्हणजे लोकरीचा उपयोग काहीच नाही. म्हणूनच ती मुलीला आली पाहिजे. उपयोगाचं काय, कुणालाही येतं.

त्यातून आमच्या घराचं लोकरीशी नातं जुनं, आणि अण्णांना ते विसरायचं आहे. आजोबांपर्यंत आमची सगळी माणसं वळसंगच्या माळावर मेंढरांमागं. अण्णा शहरात येऊन कचेरीत कारकून झाले, आणि तेव्हापासून मेंढीच्या अंगावरच्या लोकरीचं नाव घरात काढायचं नाही, असा ठराव झाला. आईचा भाऊ बिरप्पामामा अजून दुधनीकडं मेंढरं राखतो. तो आला की त्याचं घोंगडं बाहेर ओट्यावर ठेवावं लागतं, कारण वास. टेबलावरच्या लोकरीला मात्र मान. मेंढीपासून टेबलापर्यंत येताना वाटेत लोकर चार बुकं शिकत असावी.

आता मुद्द्याचं. आमच्या सबंध गल्लीत टेबलावर मांडण्याजोगी लोकरीची वस्तू एकच आहे, ती म्हणजे हिरवी मेंढी.

उंची वीतभर. चेहरा विचारी. ती तयार करण्याची रीत अशी: मेंढीची लोकर कातरायची, रिठ्याच्या पाण्यात धुवायची, पिंजायची, चातीवर कातायची (चाती म्हणजे बोटांनी गिरकी देऊन लोंबती सोडायची लाकडी काडी), तुरटीत उकळायची, हळदीत पिवळी करायची, मग निळीच्या रांजणात बुडवून हिरवी करायची, आणि इतकं सगळं झाल्यावर तिची परत मेंढीच करायची. यालाच प्रगती म्हणतात.

मेंढी मूळची कोणी केली हे विचारायची पद्धत नाही. ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दगडाबाईंच्या पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्यांत असते. दगडाबाई वळसंगहून शहरात आल्या तेव्हा तिला घेऊन आल्या. ज्या घरी पाहुणे मुलगी बघायला येणार, त्या घरच्या बायकांना मेंढी मिळते. नियम कडक आहेत. मेंढी सकाळी न्यावी आणि निकाल काहीही लागो, दिवेलागणीला परत आणावी. पाहुण्यांच्या हातात देऊ नये, लांबून दाखवावी. "हे आमच्या पोरीनंच केलंय" हे वाक्य बापानं म्हणावं, कारण बापाला खरोखरच तसं वाटत असतं. ते वाक्य चालू असताना मुलीनं पायाच्या अंगठ्याकडे बघावं. याला पुरावा म्हणतात.

आजवर गल्लीतल्या पुष्कळ मुली नापास झाल्या. मेंढी एकदाही झालेली नाही. एका घरी तर पाहुण्यांनी पोस्टकार्डानं कळवलं होतं की, मुलीचं नाक जरा बसकं वाटलं, पण मेंढी फार आवडली.

तिची काळजीही तशीच घ्यावी लागते. हळदीचा रंग उन्हात उडतो, निळीचा उडत नाही. त्यामुळे मेंढी हळूहळू निळी पडायला लागते, आणि लग्नसराई तोंडावर आली की दगडाबाई तिला पुन्हा हळदीच्या पाण्यातून काढतात. (नवरीच्या आधी हळद लागणारी जिल्ह्यातली ही एकमेव मेंढी.) तिचा मागचा डावा पाय कधीतरी तुटलेला आहे. तो पोटाखालून लाल दोऱ्यानं शिवलाय, उलटी केल्याशिवाय दिसत नाही.

तर रविवारी पाहुणे आले. हिंदुराव, म्हणजे मुलाचे वडील, आवाज मोठा. त्यांची बायको बजाबाई, माहेर वळसंग. मुलगा महिपती, साखर कारखान्यात काट्यावर उसाच्या गाड्या मोजतो, बोलत नाही. बिरप्पामामाही नेमका आदल्या दिवशी आला होता. आईनं त्याला दाराशी बसवलं, तोंड उघडायचं नाही या अटीवर. असं का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी चालले. मी वाचलं. मग मेंढी आली.

"हे आमच्या मायानंच केलंय," अण्णा म्हणाले. (शाळेत मी माया. घरी मायाक्का.) "कातलं हिनंच, रंगवलं हिनंच. कवा केलं, आमाला कळलंसुदिक न्हाय."

हे अक्षरशः खरं होतं. मी अंगठ्याकडे बघितलं.

हिंदुरावांनी नियम मोडून मेंढी सरळ उचलली. "आगं बजा, बघ की हिकडं! आगदी तू केलतीस तशीच! आवो, आमी हिला बघाय गेलतो ना, तवा हिनं पन हिरवी मेंढीच केलती. लई कसब हिच्या हातात!"

बजाबाईंनी मेंढी घेतली आणि उलटी केली. त्यांचा अंगठा लाल दोऱ्यावर गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नियम सोडून त्यांच्याकडे बघितलं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. दुसऱ्या मुलीचा गृहपाठ उतरवून आणला आणि बाईंनी नेमका फळ्याशी बोलावलं, की आमच्या वर्गातल्या मुलींचा होतो तो.

"मंग झालं तर," हिंदुराव म्हणाले. "पोरगी पसंत. माघात बार उडवू. शाळा-बिळा आता पुरं की."

अण्णा हसले. आईनं पदर सावरला. मी वर माळवदाकडे बघितलं, मनात रत्नम्माला चार शिव्या दिल्या आणि विचारलं:

"मुलाला लोकर कातता येते का?"

माळवदातून थोडी माती पडली. पण ती रोजच पडते.

"काय म्हनली ही?" हिंदुरावांचा आवाज आणखी मोठा झाला. "आमचा पोरगा काय बाईमानूस हाय व्हय, कातत बसायला?"

त्यावर दाराशी बसलेला बिरप्पामामा उठला. मामा उठला की बराच वेळ उठतच राहतो, इतका उंच आहे. मिशा वेगळ्या.

"म्हंजे? म्या बाईमानूस हाय व्हय?"

"दादा, बस खाली," आई म्हणाली.

"का बसू? लई बसलो! ती मेंढी म्या केलीया! लोकर माज्या मेंढीची, चाती माजी, रंग माजा. रंभीला बघाय येनार हुते तवा केली!" (रंभी म्हणजे रंभाबाई, माझी आई.) "समद्या मुलखाच्या पोरी हिच्यावर उजवल्या, आन् मला कुनी च्या तरी पाजला का? आसली मेंढी करनारा दुसरा कोन आसंल तर दावा!"

इथं महिपती पहिल्यांदा बोलला. "मामा, पन हिरवी का केली?"

"माळावर तवा हिरवं कायबी न्हवतं बाबा. म्हनलं, मेंढी तरी आसू दे."

उपलब्ध पुराव्यावरून जो निष्कर्ष निघतो तो नोंदवणं माझं कर्तव्य आहे. पसंती मेंढीवरून होते. मेंढी मामानं केली. म्हणजे इतकी वर्षं वळसंगपासून सोलापूरपर्यंत ज्या ज्या मुलांनी मुलगी पसंत केली, त्यांनी बिरप्पामामा पसंत केला.

हे अण्णांच्याही लक्षात येत होतं. सावकाश येत होतं. "रंभे," ते म्हणाले, "म्हंजे आमी तुला बघाय आलतो तवा टेबलावर..."

"च्या निवतुया," आई म्हणाली.

"म्हंजे म्या पसंत केलं ते बिरप्पाला?"

"हौदु, व्हय की दाजी," मामा म्हणाला. "आन् म्याबी तुमाला कदी नाव ठिवलं न्हाय."

मग खोलीतली सगळी डोकी हळूहळू एकाच बाजूला वळली. हिंदुराव बायकोकडे बघत होते. आवाज आता लहान होता.

"बजा... आन् तुजी?"

मेंढी अजून बजाबाईंच्या मांडीवर होती. लाल दोरा त्यांच्या तळव्याखाली. मला सगळं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मी एक शब्द बोलले असते तर लग्न तिथंच मोडलं असतं. बहुतेक दोन मोडली असती.

"माजी येगळी," बजाबाई म्हणाल्या. "माजी निळी हुती."

"हिरवी हुती की गं."

"निळी! का वो, तवा तुमी मला बघाय आलता का मेंढीला?"

या प्रश्नाला नवऱ्यानं द्यावं असं एकच उत्तर आहे, आणि ते दिलं की मेंढीचा रंग सांगता येत नाही. हिंदुरावांनी चहा उचलला.

"ह्या मेंढीचं म्हणाल," मी बोलून गेले, "तर आमची हिरवीच. निळी हिच्याहून भारी असते म्हणतात."

बजाबाईंनी मेंढी माझ्या हातात दिली, पोट खाली करून, अगदी जपून. "पोरगी हुशार हाय," त्या म्हणाल्या. "दहावी करू द्या तिला. आमाला घाई न्हाय."

"आगं पन माघात..."

"परीक्षा होऊ द्या म्हनलं की!"

मी अंगठ्याकडे बघितलं. या वेळी मनापासून.

दरम्यान महिपती मामाशेजारी जाऊन, मामानं कनवटीतून काढलेली चाती फिरवत होता. लोकर शर्टाच्या गुंडीत गेली, चहात गेली, एक बट थेट माझ्या आईच्या अंबाड्यात गेली. धागा निघाला, पण तो मामानं हातात धरून बराच वेळ दुःखानं बघितला. "ह्यानं बैल बांदावं," तो म्हणाला. पाहुणे निघाले तेव्हा महिपतीला दोघांनी धरून उठवावं लागलं, त्याला आणखी एकदा कातून बघायचं होतं. सबब निकाल पुढीलप्रमाणे: मुलगा स्वभावानं बरा, उंची ठीक, धागा जाड. निकाल राखून ठेवण्यात आला आहे.

वाचकहो, हसताय काय? तुमच्याही घरी काचेच्या कपाटात लोकरीचं काहीतरी असेल. पोपट असेल, ससा असेल. लग्नाआधी स्वतःच्या हातानं केलं, असं तुम्हाला सांगण्यात आलं असेल आणि तुम्ही ते पाहुण्यांना सांगत असाल. घरात कोणी नसताना जरा उलटं करून बघा. पोटाखाली लाल दोरा दिसला, तर तुमचंही लग्न माझ्या मामाशी झालेलं आहे.

दिवेलागणीला नियमाप्रमाणे दगडाबाई मेंढी न्यायला आल्या. मी दिली नाही. त्या गल्लीभर ओरडत गेल्या. अण्णा आणि आई दोघं ओट्यावर, मामाच्या घोंगड्यावर बसले होते (घोंगडं आत आणायचं की नाही यावर त्यांचं बोलणं चालू होतं). मी मेंढीला काखेत घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं:

"मी ठरवलंय. उद्यापासून ही माळवदावर उन्हात राहणार, चांगली निळी होईपर्यंत, आणि मग केमला जाणार, बजाबाईंकडे. यंदा हळद लागणार नाही. हिलाही नाही आणि मलाही नाही."