दिनकरआबांचा कप

दिनकरआबा आमच्याकडे चहाला येतात ते स्वतःचा कप घेऊन. जाड कानाचा निळा कप, आणि त्यात दोरी लोंबणारी चहाची पुडी. आमच्याकडून ते फक्त उकळतं पाणी घेतात, तेसुद्धा "त्रास होत नाही ना?" असं विचारून. चहा संपला की मोरीत जाऊन कप विसळतात, खिशातल्या रुमालानं पुसतात आणि घेऊन जातात. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा सासूबाई त्यांच्या पाठीकडे बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, "का गं, आपल्या कपात काय इंचू बसल्यात?"

आबांचं घर आमच्यापासून वीस पावलांवर. कान्हे स्टेशनात उतरून शेतातल्या वाटेनं थोडं चाललं की आमची वाडी लागते. इथं माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो तो थेट चुलीपाशी. आबा मात्र आधी फोन करतात. "पाच वाजता दहा मिनिटं येऊ का? तुम्हाला त्रास नसेल तर." पहिला फोन आला तेव्हा सासूबाईंना वाटलं, कुणीतरी गेलं! बरं, एवढं करून पाचला दहा कमी असतानाच ते आमच्या जांभळाखाली येऊन उभे. पाऊस असेल तर छत्री उघडून. मी खिडकीतून म्हणते, "आबा, या की आत." ते घड्याळ दाखवतात. "अजून चार मिनिटं आहेत."

आबा मूळचे इथलेच. तरुणपणी फिटर म्हणून स्वीडनला गेले आणि छत्तीस वर्षं तिकडंच राहिले. बायको तिकडंच वारली, मुलगी तिच्या संसारात रमली, आणि गेल्या वर्षी उन्हाळ्यात आबा दोन बॅगा आणि तो कप घेऊन परत आले. सासूबाई नवी नवरी म्हणून वाडीत आल्या तेव्हा हा दिनू चौथीत होता, आणि 'वहिनी, वहिनी' करत कैऱ्या पाडायला आमच्या परसात न विचारता शिरायचा. तोच दिनू आता फोन करून येतो, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

'त्रास' हा आबांचा लाडका शब्द. एका दहा मिनिटांच्या भेटीत मी तो अकरा वेळा मोजलाय. दारात आमचं मांजर आडवं पसरलं होतं, तर त्याला ओलांडताना आबा त्यालाही म्हणाले, "सॉरी हं, त्रास दिला." मांजरानं डोळासुद्धा उघडला नाही.

मी तळेगावला शाळेत शिकवते, आणि मास्तरणीला नसत्या चौकशा फार. यंदाच्या जुलैत आबांनी मला चांगलंच कोड्यात टाकलं. सकाळी लोकल गाठायला निघावं तर आबा आपल्या फाटकात उभे. अंगात रेनकोट, हातात जेवणाचा डबा आणि पायात गुडघ्यापर्यंत हिरवे गमबूट, खास लोणावळ्याला जाऊन आणलेले.

"कुठं निघालात आबा?"

"कुठंच नाही."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर मी लोकलच्या डब्यात बसून तर्क लढवत होते. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तिकडं तसंच उभं ऱ्हात असत्याल सकाळचं. थंडी लय असती ना."

रविवारी मी घरी होते, म्हणून नीट पाळत ठेवली. नऊ वाजले तशी आबांनी एकदा बांधाकडे पाहिलं, गमबूट काढले आणि आत गेले. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सगळी वाडी चिखलात घोट्यापर्यंत बुडालेली असताना त्या बुटांवर चिखलाचा एक ठिपका नव्हता. आता मात्र मला राहवेना. फोनबिन न करता मी त्यांच्या घरात शिरले. आबा एकटेच ओट्यापाशी उभं राहून तो डबा खात होते.

"आबा, खरं सांगा, रोज सकाळी कुणाची वाट बघता?"

ते ओशाळले. डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. "कुणी हाक मारतंय का, ते बघतो. सावड सुरू झाली ना."

सावड म्हणजे आमच्याकडची भातलावणीची रीत. आज तुमच्या खाचरात सगळी वाडी वाकायची, उद्या माझ्या. कुणी कुणाला विनंती करत नाही. सकाळी बांधावरून हाक येते, माणसं निघतात.

"लहानपणी पहिली हाक आमच्या घराला यायची," आबा म्हणाले. "यंदा कुणी मारली नाही. माझं भाताचं रोपसुद्धा लावणीविना वाढून चाललंय."

"मग तुम्ही विचारायचं ना!"

"लोकांना उगाच त्रास."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षी, आल्या आल्या, आबांनी बाहेरून माणसांची टोळी आणून एका दिवसात आपली दोन खाचरं लावून घेतली होती. का, तर वाडीला त्रास नको! आणि वाडी काय समजली? की याला आपण नकोत. ज्यानं आपला हात घेतला नाही, त्याचा हात मागायचा कुठल्या तोंडानं?

मी हे सांगितलं तसे आबा खाली बसले. मग हळूहळू बोलू लागले. "बायको आजारी होती तेव्हा शेजारी आमच्या टपालपेटीत कार्ड टाकायचे. फार सुंदर लिहायचे. चांगली माणसं गं, पण दार कुणी वाजवलं नाही. मला त्रास नको म्हणून. ती गेल्यावरसुद्धा नऊ दिवस बेल वाजली नाही. मीही कुणाची वाजवली नाही. मला तेच वळण लागलं होतं."

इतके दिवस मी या माणसाला खिडकीतून बघून हसत होते, याची लाज वाटली.

संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "अन् मी म्हंते, ह्यो स्वताचा कप का आणतोय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी बांधावरून अशी हाक घातली की माझ्या हातातली कणीक सांडली. "अय दिनू! आमचं वरचं खाचर लावायचंय. येतुस का झोपतुस?"

आबा धावतच आले. इतकं धावत, की पहिल्याच बांधावर पाय घसरून बसकण मारली आणि नवे गमबूट एकदाचे भरले. मीही शाळेत रजा टाकून खाचरात उतरले होते. लावणीत आबांचं फिटरी डोकं जागं झालं. दोन रोपांत नेमकं वीतभर अंतर, ओळ जराही वाकडी नाही. बाकीच्यांचं अर्धं खाचर झालं तरी आबा दुसऱ्याच ओळीत. कुणीतरी ओरडलं, "आबा, पट्टी आणू का?" सगळं खाचर हसलं. आबाही हसले. दुपारी त्यांनी आपला डबा काढला, तर सासूबाईंनी तो घेऊन बाजूला ठेवला आणि त्यांच्या हातावर भाकरी ठेवली.

पुढच्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. अचानक दार धाडकन उघडलं आणि दिनकरआबा गमबुटांसकट थेट ओट्यापर्यंत आले. फोन नाही, घड्याळ नाही. लादीवर हा चिखल.

"कप!"

"काय झालं आबा?"

"बारा माणसं आलीत माझं खाचर लावायला. मी कुणालाच सांगितलं नव्हतं! वहिनी म्हणतात, आधी सगळ्यांना चहा टाक. माझ्याकडं एकच कप आहे!"

मी मांडणीवरचे होते नव्हते ते सगळे कप ताटात रचून दिले. आता तो शब्द येणार म्हणून मी थांबले होते. पण आबा ताट घेऊन निघालेसुद्धा. उंबऱ्यावर वळले. डोळे भरले होते, आणि हात गुंतल्यामुळे पुसता येत नव्हते.

"साखर पण दे गं," ते म्हणाले.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. भात पोटरीला येऊन गेलं, निसवून लोंब्यासुद्धा बाहेर आल्या. आबा आता हात हलवत येतात, वाटेल तेव्हा येतात, आणि आमच्या घरात सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा पितात, कारण आमचे कप अजून त्यांच्याकडेच आहेत. परवा मी म्हटलं, जाऊन घेऊन येते.

"खबरदार," सासूबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ देत तितंच. लागत्यात त्याला."