शिट्टीताईंचा मुराळी

सभेत कुणी लांबण लावलं की दिलमायाताई गळ्यातली शिट्टी तोंडात धरतात आणि फुंकतात. समोर नगरसेवक असो, साहेब असो की मी. एकदा एक साहेब महिला सक्षमीकरणावर बोलत होते. ते दमून पाणी प्यायले, पुन्हा तिथूनच सुरू झाले आणि शिट्टी वाजली. साहेब दचकून खाली बसले. ताई म्हणाल्या, "साहेब, बाया सक्षम हायेत. त्यांला नळ पाहिजे. नळाचं बोला."

नळ आला.

लातूरच्या बाजारात त्यांना सगळे शिट्टीताईच म्हणतात. शिट्टी त्यांच्या नवऱ्याची. तो नेपाळातल्या डोंगरगावाहून आलेला गुरखा, बहादूर. आधी मुदखेडला एका गोदामावर होता, मग आमच्या बाजारात आला. त्याच्यामागून ताई नवी नवरी म्हणून आल्या. तो अचानक वारला तेव्हा आम्हा व्यापाऱ्यांना वाटलं, ही बाई आता आपल्या मुलखाला जाणार. मी तेव्हा दुकानाच्या माळ्यावर झोपायचो. तेरावं झालं त्या रात्री अर्धवट झोपेत मला शिट्टी ऐकू आली. शटरांवरून घरंगळत, लांबून, धुक्यातून यावी तशी. वाटलं, बहादूर परत आला. बरं वाटलं आणि कूस बदलून झोपलो. खाली ताई फेरी घालत होत्या, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

पहाटेच्या फेरीत त्यांना दुकानांच्या पायऱ्यांवर बाया बसलेल्या दिसायच्या. घराबाहेर काढलेल्या, जायला जागा नसलेल्या. ताई त्यांना खोलीवर न्यायच्या. खोली पुरेना म्हणून पत्र्याचं शेड झालं, शेडची संस्था झाली. मग खानावळ, शिवणकाम, किनवटला मुलींचं वसतिगृह. आता पुण्याहून लोक पाहायला येतात आणि तुमचं व्हिजन काय म्हणून विचारतात. ताई म्हणतात, "आधी जेवून घ्या."

मराठी त्या याच बायांकडून शिकल्या. त्यामुळे कलेक्टरांनाही "काय करून राहिला, बाबा?" असंच विचारतात. बाजारातल्या प्रत्येक पुरुषाला त्यांच्या बोलीतलं 'दाजू' म्हणतात. दाजू म्हणजे दादा. पानवाला दाजू, हमाल दाजू. मी एकटा शेठ.

इथेच माझं दुखणं आहे.

मी मुरुडचा. सायकलवर भांडी बांधून गावोगाव फिरलो, जुन्या लुगड्यांवर पातेली दिली, आणि आज बाजारात माझं दोन मजली दुकान आहे. भाव मी देवळापुढच्या नारळवाल्याशीही करतो. डोकं लवकर तापतं, हेही खरं. पण संस्थेच्या खानावळीतलं प्रत्येक पातेलं माझं आहे. मी भाव सांगायचा, ताईंनी शिट्टी तोंडात धरायची, मी भाव उतरवायचा. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही मुराळी केलं नाही.

नागपंचमीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. श्रावण लागला की बाया रस्त्याकडे बघायला लागतात. ताईंच्या बायांना रस्त्याकडे बघून उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी कुणी येणार नव्हतं. तर ताईंनी बाजारातले पुरुष धरले. तू हिचा मुराळी, तू तिचा. तिला घरी न्यायचं, झोका, मेंदी, पुरणाच्या दिंडांचं जेवण, बांगड्या, आणि पंचमी झाली की आणून सोडायचं. नाही म्हणणाऱ्याच्या दुकानापुढे उभं राहून शिट्टी. आता तर लोक आपणहून नाव देतात. गेल्या श्रावणात माझ्या शेजारच्या शिवाजीलाही पाठवलं. हा शिवाजी सख्ख्या बहिणीशी कोर्टात भांडतोय.

मला बहीण नाही. मुरुडला लहानपणी पोरं मुराळी होऊन बैलगाडीत बसून निघायची, नवी टोपी घालून. मी वेशीपर्यंत गाडीमागं पळायचो. धूळ खाली बसायची, झोक्यांवरची गाणी लांबून ऐकू यायची. ती गाडी अजून कधी कधी स्वप्नात येते. मी पळतो आणि ती थांबत नाही.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी समोरचा पानवालाही नवी टोपी घालून निघाला. माझं डोकं फिरलं. दुकान नोकरांवर टाकून मी संस्थेत भांडायला गेलो.

संस्था रिकामी होती. फाटकात रिक्षा उभी, तिच्यात पानवाला आणि खानावळीतली शेवंताबाई. ओट्यावर ताई बसल्या होत्या. हिरवं लुगडं, एरवी रिकाम्या हातात नवा चुडा, शेजारी कापडी पिशवी.

"शिवाजी चालतो," मी फाटकातूनच ओरडलो, "आणि मी चालत नाही?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, तुमी घासाघीस करता. बाईच्या तोंडावर म्हणाल, चार दिस न्हाई, दोन दिस राहा."

शेवंताबाई रिक्षात हसली. बोलायचं म्हणून मी पिशवीकडे बोट दाखवलं. "कुठं निघालात?"

"कुटंच न्हाई."

"दरसाली पिशवी भरत्यात," शेवंताबाई रिक्षातून हळूच म्हणाली. "सांजच्याला रिकामी करत्यात. पुसलं तर म्हणत्यात, येकादा दाजू ईल चुकून."

रिक्षा गेली. श्रावणातलं ऊन ओट्यावर येत होतं, जात होतं. मी उभाच.

"दुसरीसाठी धाडता येतो मुराळी," ताई चुड्याकडे बघत म्हणाल्या. "सोतासाठी कसा धाडावा?"

माझ्या डोक्याला टोपीसुद्धा नव्हती. रुमाल होता, तो बांधला.

"चला," मी म्हणालो. "घरी झोका बांधलाय." बांधला नव्हता.

ताईंनी पिशवी जवळ ओढली. "जेवायला येते. सांजच्याला परत."

"पंचमी सरल्यावर."

"येक दिस."

"पोळ्यापर्यंत."

"शेठ, असा कुटं भाव असतो व्हय?"

"मग गौरी जेवून जा." जन्मात पहिल्यांदा मी भाव चढवत होतो.

ताईंनी शिट्टी तोंडाला लावली. सवयीनं मी गप्प झालो आणि वाट बघत राहिलो. त्यांचे ओठ थरथरले, गाल फुगले, पण शिट्टी वाजली नाही.

मी पिशवी उचलली.