काकडीला पाणी सुटलं

आमच्या घरी काकडीला मीठ लागलं की वरच्या मजल्यावरचे राव सार खाली येत. त्यांना कसं कळायचं देव जाणे. माझ्या बायकोनं, सुमननं, काकडी चोचवून त्यात मीठ घातलं रे घातलं, की दारात त्यांची लुंगीसारखी पांढरी वेष्टी दिसायचीच. मग भांड्यात डोकावून ते कपाळाला हात लावत. "काय मा हें. अस्कीं पाणी बाहेर आलें की."

अस्कीं म्हणजे सगळं. राव सार (तिकडे 'सर'ला 'सार' म्हणतात), म्हणजे रघोत्तमराव, तंजावरच्या मराठी घराण्यातले, कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांची मराठी कुण्या पूर्वजाबरोबर तंजावरला गेलेली आणि तिथला तमिळ हेल घेऊन मद्रासला आलेली. आम्ही साताऱ्याचे. गिंडीच्या कारखान्यात माझी बदली झाली म्हणून अण्णा नगरात राहायला आलो. परमुलखात मराठी शेजार मिळाला याचा मला केवढा आनंद झाला होता. तो आठवडाभर टिकला.

कारण रोज संध्याकाळी तेच व्याख्यान. पेशीला पडदा असतो. त्यातून पाणी सहज ये-जा करतं, मिठाला तशी वाट मिळत नाही. बाहेर मीठ दाट झालं की आतलं पाणी पडदा ओलांडून बाहेर येतं आणि काकडी मरगळते. "दाट कोठें, पाणी तेथें," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. तात्पर्य, कोशिंबिरीत मीठ पानं घेतल्यावरच घालायचं. मला हे पहिल्याच दिवशी समजलं होतं. पण समजलं म्हणून सुटका होते असं थोडंच आहे?

एका उन्हाळ्यात नळ आटले तेव्हा मी कढीलिंबाला बोअरचं खारट पाणी घातलं आणि वर हौसेनं ओंजळभर खत. झाडानं मान टाकली. राव सार त्या कुंडीपाशी सुतकी चेहऱ्यानं उभे राहिले आणि मला समजावू लागले, की मी झाडाला पाणी पाजलं नाही, उलट त्याच्या मुळांतलं पाणी काढून घेतलं. "मातींत दाट केलेंत तुम्ही. झाडानें काय करावें." पुढे कितीतरी दिवस ते माझी ओळख 'हे पाणी घालून झाड वाळवतात' अशी करून देत. माझ्या साहेबांनाही त्यांनी तशीच करून दिली.

जुलाबांनी बेजार होऊन मी हॉस्पिटलात पडलो, तेव्हा इतरांनी मोसंबी आणली. राव सारनी सलाइनच्या बाटलीवर टिचकी मारली. यात नुसतं पाणी असतं तर माझ्या रक्तातल्या पेशी ते पिऊन पिऊन फुटल्या असत्या, म्हणाले. आणि मीठ जास्त असतं तर मनुकांसारख्या सुरकुतल्या असत्या. "भिऊं नका. हें रक्ताएवढेंच दाट अहे." तोवर मी भ्यालो नव्हतो. बाटली संपेपर्यंत मी तिच्यावरची नजर हलवली नाही.

एवढं ऐकवायला त्यांना स्वतःच्या घरी माणसं नव्हती असं नाही. मुलगा होता, सून होती, नातवंडं होती. पण सून तमिळ, मुलगा तिच्याशी तमिळच बोलणार, आणि नातवंडांचं आपसात इंग्रजी. बायको गेल्यापासून त्या घरात मराठी बोलणारे हे एकटेच. नातीला मराठीत काही सांगायला गेलं की ती म्हणे, तात्ता, तमिळमध्ये सांगा. हे ते हसत हसत सांगत. "एवढें मोठें तळें, त्यांत चिमूटभर मीठ. चव कोठून लागावी." पटत होतं हो. पण म्हणून रोज आमचीच काकडी?

शेवटी एका रविवारी मी वैतागून स्वतःच कोशिंबीर करायला घेतली. काकडी चोचवली, दाण्याचं कूट घातलं आणि मिठाची वाटी मुद्दाम बाजूला ठेवली. राव सार आले, भांड्यात डोकावले. काकडी कोरडी ठणठणीत.

"मीठ जेवायला बसल्यावर," मी विजयी मुद्रेनं म्हणालो.

"सरी. बरोबर अहे," ते म्हणाले. शिष्य तयार झाला की मास्तर खूश होतो, हे झाले नाहीत. चौकटीला हात लावून ते उभे राहिले. ओट्यावर, कुंडीत, मोरीत कुठे काही चुकलंय का बघत होते. काही सापडेना. मग "येतों," म्हणाले आणि जिना चढून गेले.

मी खुशीत होतो. सुमन खुशीत नव्हती. आता ते कशाला येतील, असं तिनं विचारलं. न आले तर बरंच, असं मी म्हणालो.

"मीठ आधी घालायची चूक मी रोज करते, असं वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली. "दिवसभरात तेवढंच मराठी बोलतात ते."

माझ्या इतक्या दिवसांच्या पाणचट कोशिंबिरीमागे हे कारस्थान होतं तर. राग आला, पण तो धरता येईना. सुमननं वाटीतलं मीठ काकडीवर घातलं आणि भांडं झाकून ठेवलं. थोड्या वेळानं झाकण काढून तिनं मला वर जायची खूण केली.

मी कुरकुरतच जिना चढलो. टीव्हीवर तमिळ बातम्या चालल्या होत्या. सगळे त्या बघत होते आणि राव सार त्यांच्यामागे, खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"राव सार," मी म्हणालो, "काकडीला पाणी सुटलं."

ते उठलेच. पायानं चपला शोधता शोधता त्यांनी विचारलं, "अस्कीं?"

"अस्कीं," मी म्हणालो.