चपला लपवणारे केशवभाऊ

आसगावात केशवभाऊंच्या घरी गेलेल्या माणसाच्या चपला हमखास नाहीशा होतात. कुत्रे नेत नाही. स्वतः केशवभाऊच त्या कोठीत, धानाच्या पोत्यांमागे लपवतात. "पावना हाती आला का लवकर सोडाचा नाही," हे त्यांचे तत्त्व. मी त्यांचा शेजारी, शाळेत शिक्षक. एकदा पाच मिनिटांसाठी गेलो आणि जेवून, अनवाणीच परतलो. चपला मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

चेंडूबाबतही त्यांचे मत हेच. धान कापून झाले की आपल्या रिकाम्या बांधीत ते गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवतात. चौकोनी शेत, चारी बाजूंना मातीचे धुरे, म्हणजे बांध. मुली आत एकमेकींना पास देत राहतात, एक मधे धावून चेंडू हिसकावू पाहते. कुणी लांब लाथ मारली की भाऊ ओरडतात, "काहून वं हाकलून राहिली त्याले? चहा तरी पाज!"

यंदा आंधळगावच्या संघाशी सामना झाला. चेंडू जवळजवळ सारा वेळ आमच्याकडे. भाऊंची लेक वर्षा गोलासमोर पोचायची आणि वळून मागे पास द्यायची. सरावाच्या बांधीत गोल कुठे होता? आंधळगावला चेंडू एकदाच नीट मिळाला. तेवढ्यावर ते जिंकले.

"पण बॉल तं आपल्याजवळच होता ना?" भाऊंनी विचारले.

"ठेवून का लोणचं घालाचं हाय त्याचं, बाबा?"

दुसऱ्या दिवशी पाहतो तो, शेतातले पाणी सोडायला फोडतात तसा भाऊंनी धुरा एका जागी फोडला होता. "पाणी बांधीत रायलं पायजे, गुरुजी. पण वेळेवर सोडलं नाही तं धान सडते. आता बॉल इथून बाहीर काढाचा."

त्याच सुमारास वर्षाला नागपूरला नर्सची नोकरी लागली. आई नाही, बाबांना एकटे कसे सोडावे, म्हणून तिने घरी सांगितलेच नव्हते. "गुरुजी, तुमीच सांगा ना बाबाले," ती म्हणाली. शब्द जुळवत मी संध्याकाळी गेलो आणि अंगणातच थबकलो. भाऊ ओट्यावर बसून ओल्या फडक्याने वर्षाच्या चपला पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी त्या पायरीवर ठेवल्या, तोंडे रस्त्याकडे करून.

"तुमी काय सांगाले आले ते मले मालूम हाय," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "जाऊ द्या तिले. बसा."

मी बसलो. त्याआधी, या खेपेला, माझ्या चपला मीच कोठीत नेऊन ठेवल्या.