दीर्घिकांच्या गटाची गणपूर्ती

सात दीर्घिकांचा, म्हणजे दूरच्या आकाशगंगांचा, एक गट सोमवारी सकाळी अकराला सहकार कार्यालयात सुनावणीसाठी हजर झाला. गटाची नोंदणी टिकायला दहा सभासद लागत होते आणि दिसत होत्या सातच. पाचपर्यंत उरलेल्या तिघांचा पत्ता लागला नाही, तर गट मोडायचा आणि सातही जणींनी आपापली वाट धरायची, असा आदेश टाइप होऊन पडला होता.

तपासनीस कुमुदिनी धारप यांनी त्यांना बाकावर बसायला सांगितले. आम्ही बसत नसतो, असे म्हणून त्या एकमेकींभोवती फिरत राहिल्या. इतक्या वेगाने फिरूनही या पांगल्या कशा नाहीत, हेच धारपबाईंना कळेना.

सात जणींतल्या थोरल्या रेवताबाई गटाच्या सचिव होत्या. बाकीचे सभासद आमच्या मधोमध बसलेत, असे त्यांनी सांगितले. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे काकणच दिसत नव्हते. फक्त पलीकडच्या भिंतीवरची ट्यूबलाइट, बाजूने पाहिली तर सरळ, ती गटामधून पाहिली की कडबोळ्यासारखी दिसत होती. उजेड उगाच वाकत नाही, त्याला ओढणारे वजन लागते. तो किती वाकतो ते धारपबाईंनी मोजले आणि कागदावर हिशेब मांडला. सात जणींच्या दहापट वजन तिथे निघत होते. त्यांनी हिशेब पुन्हा केला, तरी तेवढेच.

“मग समोर का येत नाहीत?”

“त्यांच्यावर उजेड थांबतच नाही, बाई. पण ते उठून गेले, तर आम्हाला धरून कोण ठेवणार?”

धारपबाईंना फार वाईट वाटले. पण हजेरीशिवाय नियम पुढे सरकत नाही. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करायची वहिवाट होती, ती त्यांनी पाळली. हजेरीपट गटाच्या मधोमध उघडा ठेवला आणि चहाला गेल्या.

परतल्या तेव्हा पानावर नवी सही नव्हती. आठव्या, नवव्या आणि दहाव्या ओळीच्या रेघा मात्र वाकल्या होत्या. धारपबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि त्या तिन्ही ओळींत ‘हजर’ लिहिले. अक्षरेही वाकली.

पाचला दहा कमी असताना फाइल साहेबांकडून परत आली. गट कायम झाला होता. खाली लाल शाईत शेरा होता: ‘हजेरीपटावरील रेघा पट्टीने आखाव्यात.’

धारपबाईंनी कपाटातली लाकडी पट्टी आणली. मधोमध नेताच तीही वाकली. त्यांनी तिच्याच कडेने तीन रेघा आखल्या, ‘पूर्तता केली’ असे लिहिले आणि सही केली.