मेश्रामांचे संगणक आणि माझी खंडेनवमी

मेश्रामांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. त्यांचे गमतीचे किस्से सांगत राहिलो आणि नेमक्या एका जागी येऊन थांबत राहिलो. आता वय झालं. पुढचंही सांगून टाकतो.

मेश्राम जुना संगणक घेण्याआधी त्याचा वास घेत. आपण खरबुजाचा घेतो तसा. भंगारवाल्याकडे उकिडवे बसायचे, पेटीच्या मागच्या जाळीला नाक लावून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "जळला नाही जी. नुसता रुसून राहिला."

खडकीत ते आमच्या समोरच्या दारात राहत. मूळचे भंडाऱ्याकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे. तेव्हा पुण्यात रोज एक नवी कंपनी उघडत होती. दोन हजार साल उजाडलं की जुने संगणक तारखेला बावचळणार, या धास्तीने कचेऱ्या धडाधड नवे घेत होत्या. टाकलेला माल वजनावर जायचा आणि त्यात मेश्रामांचं नाक फिरायचं.

त्यांची रीत ठरलेली. काही संगणक आणायचे, सगळ्यांची पोटं उघडायची आणि त्यातून एक उभा करायचा. उरलेले सुटे भाग पिशवीत घालून सायकलवरून बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात न्यायचे. तिथे कधी विक्री, कधी अदलाबदल. आलेल्या पैशांतून आणखी जुना संगणक.

"काका, हा पार्ट चालेल ना?" एका दुकानदाराने विचारलं.

"तुझ्या दुकानापेक्षा जास्त चालन," मेश्राम म्हणाले.

मी एकदा त्यांना छेडलं, "अहो, लोक नवं घ्यायला जुनं विकतात. तुम्ही जुनं विकून त्याहून जुनं आणता."

"मग काय करू जी? नव्याले कोणीही सांभाळते."

आमची ही म्हणायची, "माणसांना बसायला खुर्ची नाही, आणि डबे पलंगावर लोळतायत." हे त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी खास वहिनींसाठी म्हणून खुर्ची आणली. आठवडाभरात तिच्यावर एक प्रिंटर बसला.

खिडकीजवळच्या टेबलावरचा एक संगणक मात्र वेगळा होता. त्याचा साधा स्क्रूसुद्धा त्यांनी कधी विकला नाही. उलट बाकीच्यांमधला चांगला भाग आधी त्याच्यासाठी बाजूला निघायचा. एकाने त्याच्या बदल्यात तीन चालू संगणक देऊ केले, तर मेश्राम म्हणाले, "घरचं माणूस बदलून भेटते का?" आम्ही सगळे हसलो.

दसऱ्याला ते दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जात. एका वर्षी नेमकं त्याच वेळी कुणीतरी सुटा भाग न्यायला येणार होतं, म्हणून किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. मी पुडकं दिलं आणि तिथेच रेंगाळलो. त्या दिवशी खंडेनवमी होती. माझा जन्म वर्कशॉपमध्ये गेलेला. खंडेनवमीला मशीन पुसल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि इथे तर खोलीभर मशीनं धूळ खात पडलेली. मेश्राम बौद्ध, तेव्हा हळदकुंकू, फूल काही वाहायचं नाही, एवढं भान मला होतं. त्या भानाचं मलाच कौतुक वाटलं. नुसती स्वच्छता करायची.

खिडकीजवळच्या संगणकापासून सुरुवात केली. कीबोर्डच्या बटणांवर लालसर, अर्धवट झिजलेले डाग होते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. जे निघेनात ते नखाने खरवडले.

मेश्राम परत आले. टेबलाशी गेले, कीबोर्ड उजेडाकडे तिरपा धरला.

"कुलकर्णीजी, तुम्ही पुसलं?"

"हो. लख्ख झालाय की नाही?"

"झाला," ते म्हणाले. मग चहा ठेवला. माझ्या हातात कप दिल्यावर बोलले.

"कुंदा मराठी टायपिस्ट होती. ऑफिसात संगणक आले तवा भ्याली. मी हा घरी आणून दिला, सवय व्हावी म्हणून. इंग्रजी बटनं पाहून म्हणे, यात माझं एकही अक्षर नाही. मग नेलपॉलिश घेतलं अन् एकेका बटनावर आपलं अक्षर काढलं. तिच्या हातचं एवढंच होतं."

कुंदावहिनी आम्ही तिथे राहायला येण्याआधीच गेल्या होत्या. मी फक्त त्यांचा भिंतीवरचा फोटो पाहिलेला. त्या क्षणी मी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोललोही. म्हणालो, "अहो, आता मराठी अक्षरांचे स्टिकर मिळतात बाजारात."

"हो जी. भेटतात," मेश्राम म्हणाले.

त्यांनी अबोला धरला नाही. भंगारवाल्याकडे मला पूर्वीसारखंच घेऊन जायचे, वास घ्यायला लावायचे. एकदा मात्र मी दारात गेलो तर ते डोळे मिटून त्या कीबोर्डवर बोट फिरवत होते.

"काय शोधताय?"

"ळ. कुठं काढला होता तिनं, आठवून राहिलो."

मी आल्यापावली परत फिरलो.

पुढे ते बहिणीकडे भंडाऱ्याला राहायला निघाले. बाकीचे संगणक विकले. तो एकच चादरीत गुंडाळून टेम्पोत चढला. मी वाक्य जुळवून खाली गेलो. तोंडातून निघालं, "दोऱ्या नीट बांधल्यात ना?"

"बांधल्या जी."

तिकडून त्यांच्या बहिणीचा फोन आला तो ते गेल्याचाच.

वाक्य फार मोठं नव्हतं. मेश्राम, हात लावायच्या आधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. आणि ते स्टिकरचं तर बोलायलाच नको होतं.